त्यांना झोपवूनच ठेवा, डॉक्टर

व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या माणसाच्या घरच्यांना भेटायला डॉक्टर बाहेर आले की जगण्या-मरण्याचे दोनचार प्रश्न होतात. मग कुणीतरी, बहुधा मुलगी किंवा बायको, हलक्या आवाजात सांगते, ‘त्यांना त्रास नका होऊ देऊ. झोपवूनच ठेवा.’ नागपूरच्या हॉस्पिटलच्या जिन्यात हे ऐकू येतं आणि शिकागोच्या वेटिंग रूममध्येही. मायेपोटी आलेली मागणी, तिला नाही कसं म्हणायचं? तरी गेली पंचवीस वर्षं अमेरिकेतले अतिदक्षता विभाग तिला नाही म्हणायला शिकत आहेत. कधी जमतं, पुष्कळदा जमत नाही. त्यावर दोन डॉक्टरांचं झालेलं हे बोलणं.

दोघं एकाच घरातले. काका नागपूरच्या मेडिकलमधून शिकून सत्तरच्या दशकात इलिनॉयला आले आणि निवृत्त होईपर्यंत भूलतज्ज्ञ म्हणून ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू, दोन्हीकडे राबले. पुतणी त्याच राज्यात फुप्फुसविकार आणि अतिदक्षता विभागाची डॉक्टर आहे. निमित्त झालं काकांच्या ओळखीतल्या एका आजींचं. त्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लागला, अकरा दिवस गुंगीत होत्या. आजी वाचल्या, घरी आल्या. पण रात्री उठून सांगतात की मला तळघरात बांधून ठेवलं होतं, आणि भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही. मुलगा काकांकडे विचारायला आला होता की हे काय झालं. मी डॉक्टर नाही. जे कळलं नाही ते विचारून घेतलं आणि मधेमधे लिहिलं आहे.

काका : आधी मला हे सांग, आजींना झोपवलं नसतं तर काय केलं असतं तू? करंगळीएवढी जाड नळी स्वरतंतूंमधून खाली उतरलेली. खोकल्याची उबळ येते, गुदमरल्यासारखं होतं, शब्द काढता येत नाही. मी हजारो माणसांना झोपवलं. त्यातलं एकही कधी येऊन म्हणालं नाही, की डॉक्टर, मला जागं का नाही ठेवलंत?

पुतणी : काका, तुमची माणसं दोन तासांनी उठत होती. आजी अकरा दिवस पडून होत्या. औषधं तीच, पण दिवस वाढले की त्यांचं वागणं बदलतं. मिडॅझोलॅमची ड्रिप आठवडाभर चालली की ते चरबीत मुरतं. मूत्रपिंडं थकलेली असतील तर त्याचं विघटन होऊन जे बनतं, तेही गुंगी आणतं आणि तेही बाहेर पडत नाही. ड्रिप बंद केली तरी माणूस दोन-दोन, तीन-तीन दिवस डोळे उघडत नाही. मग आम्ही घाबरतो, मेंदूत रक्तस्राव तर झाला नाही? सीटी स्कॅनला नेतो. स्कॅन स्वच्छ येतो.

काका : ते मान्य. म्हणून तर प्रोपोफॉल आलं.

इथे थोडं थांबून औषधांची ओळख करून देते, कारण ‘झोपेचं इंजेक्शन’ या एका शब्दात आपण फार वेगळ्या गोष्टी कोंबतो. मिडॅझोलॅम आणि लोरॅझेपॅम ही बेन्झोडायझेपिन या एकाच घराण्यातली, भीती घालवणारी, आठवण पुसणारी आणि अंगात रेंगाळणारी. प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं, कारण ते सोयाबीनच्या तेलात विरघळवलेलं असतं. चटकन चढतं, चटकन उतरतं, पण रक्तदाब पाडतं. फेंटॅनिल हे वेदनाशामक, अफूच्या कुळातलं. आणि डेक्समेडेटोमिडीन, ज्याला १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयसीयूसाठी मान्यता दिली. त्यावर असलेला माणूस डोळे मिटून पडतो, हाक मारली की उघडतो. नाडी मंदावणं हा त्याचा दोष. यातलं एकही औषध रात्रीच्या झोपेसारखी झोप देत नाही. पुतणीने हे मला दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा जरा जोरात. रोजच्या झोपेत मेंदू एकामागून एक टप्पे ओलांडत राहतो. औषधाच्या गुंगीत हे टप्पे विस्कटतात, आणि खोल गुंगीत तर मेंदूची विद्युत हालचाल मधूनमधून सपाटच होते. माणूस शांत दिसतो म्हणून त्याला विश्रांती मिळते आहे असं आपण धरून चालतो.

पुतणी : आणि दोन हजार साली तुमच्या इथेच, शिकागो विद्यापीठात, जॉन क्रेस आणि जेसी हॉल यांनी एक साधी गोष्ट करून बघितली. १२८ रुग्ण. निम्म्यांची गुंगीची ड्रिप रोज एकदा पूर्ण बंद करायची, माणूस जागा होईपर्यंत. गरज लागली तर पुन्हा निम्म्या डोसवर सुरू. नेहमीच्या पद्धतीत व्हेंटिलेटर लागण्याचा मधला आकडा ७.३ दिवसांचा होता, इथे ४.९. आणि मघाशी म्हटलं ते स्कॅन वगैरे तपास नेहमीच्या गटात २७ टक्के रुग्णांचे करावे लागले, या गटात ९ टक्के.

काका : तो पेपर आला तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये मोठी गरमागरमी झाली. नर्स म्हणाल्या, कागदावर ठीक आहे, सकाळी नऊ वाजता ड्रिप बंद करून डॉक्टर राउंडला पुढे जाणार आणि खवळलेल्या माणसापाशी उभं कोण राहणार? आम्ही. मला त्यांचं पटलं होतं. आजही पटतं.

पुतणी : मलाही पटतं. त्याच्याकडे येऊ आपण.

काका : नाही, आधी माझं एक ऐक. तू यंत्रं चांगली झाल्यावरची डॉक्टर आहेस. आमची यंत्रं आडमुठी होती. मिनिटाला चौदा श्वास लावले की चौदाच. माणसाला पंधरावा घ्यावासा वाटला तर यंत्र देणार नाही, छातीतला दाब वाढणार, अलार्म वाजणार. मग पॅनक्युरोनियम द्यायचं, स्नायू लुळे पाडायचे, म्हणजे भांडणच मिटलं. एका रात्री एका बाईंची नाडी १४० वर गेली. पॅनक्युरोनियमने नाडी वाढतेच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी सहज पापणी उचलली, तर डोळा पाण्याने भरलेला. लुळं पाडणारं औषध चालू आणि झोपवणारं संपलेलं. त्यांना सगळं कळत होतं आणि बोटाचं टोकही हलवता येत नव्हतं. किती वेळ, ते कोणी सांगू शकलं नाही. त्या रात्रीपासून माझं ठरलं. गुंगी थोडी जास्त झालेली चालेल. कमी झालेली चालणार नाही.

पुतणी : लुळं पाडलेल्या माणसाला गाढ झोपवायचंच, काका. त्यावर आज कुणाचं दुमत नाही. मेंदूला सूज येऊन कवटीतला दाब वाढला असेल, आकडी थांबत नसेल, फुप्फुसं इतकी आखडली असतील की पालथं झोपवावं लागतंय, तिथे मी स्वतः खोल गुंगी देते आणि कुणाची परवानगी विचारत बसत नाही. प्रश्न बाकीच्यांचा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आयसीयूंनी मिळून १००६ रुग्णांवर अभ्यास केला, फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्यांवर. अर्ध्यांना अठ्ठेचाळीस तास लुळं पाडून गाढ झोपवलं, अर्ध्यांना हलक्या गुंगीवर ठेवलं. तीन महिन्यांनी मृत्यू ४२.५ टक्के आणि ४२.८ टक्के. म्हणजे इतक्या आजारी माणसालाही सरसकट गाढ झोपवून काही हाती लागलं नाही.

काका : तसंच सरसकट जागं ठेवूनही लागलं नाही.

पुतणी : त्यावरही येऊ. पण तुम्ही ‘आमच्या काळी’ म्हणता ना, त्याच्याही आधीचा एक काळ होता. डेन्व्हरचे थॉमस पेटी. ज्यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘ए आर डी एस’ या फुप्फुसांच्या आजाराचं पहिलं वर्णन केलं, तेच. १९९८ मध्ये त्यांनी ‘चेस्ट’ नियतकालिकात मोठ्या खंतीने लिहिलं होतं, की आमचे व्हेंटिलेटरवरचे रुग्ण जागे असायचे, उठून खुर्चीत बसायचे. आणि आता मी राउंडला जातो तर सगळे निश्चल पडलेले, मेल्यासारखे दिसतात.

काका यावर काही बोलले नाहीत. पेटींना त्यांनी एका परिषदेत ऐकलं होतं, असं नंतर सांगितलं. मला वाटतं या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे. खोल गुंगी ही काही पूर्वापार चालत आलेली रीत नव्हती. यंत्रं जागत्या माणसाशी जुळवून घेत नव्हती म्हणून ती आली. यंत्रं सुधारली, रुग्णाचा श्वास ओळखून त्याच्या मागे चालायला लागली. गुंगी मात्र होती तिथेच राहिली.

पुतणी : आता आजींचं. त्यांना जे झालं त्याला आपल्या घरात काय म्हणतात? तापात माणूस बरळायला लागला की माझी आजी म्हणायची, वात झाला. तोच हा वात, डिलिरियम. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात वेस्ली ईली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आयुष्य घातलंय. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं, की व्हेंटिलेटरवर असताना ज्यांना वात झाला त्यांच्यातले सहा महिन्यांत ३४ टक्के गेले. ज्यांना झाला नाही त्यांच्यातले १५ टक्के. २००६ मध्ये त्याच गटातल्या प्रतीक पंढरीपांडे यांनी लोरॅझेपॅमकडे बोट दाखवलं, की हे औषध दिलं की दुसऱ्या दिवशी वात होण्याचा धोका वाढतो.

काका : पंढरीपांडे म्हणजे आपल्या विदर्भाकडचंच आडनाव. वाचलंय मी त्यांचं. पण बेटा, वात झाला म्हणून माणूस गेला, की जो जाणारच होता त्याला वात झाला? जास्त आजारी माणसाला जास्त गुंगी लागते, त्यालाच जास्त वात होतो, तोच जास्त मरतो. यात औषधाचा गुन्हा कुठे सिद्ध झाला?

पुतणी : तेवढ्यावरून नाही झाला. आजार किती गंभीर होता ते हिशेबात धरूनही फरक उरला, पण तुमचा आक्षेप तरी शिल्लक राहतोच. म्हणून २००८चा अभ्यास. चार हॉस्पिटलं, ३३६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला रोज सकाळी गुंगी बंद करून जागं करायचं आणि लगेच व्हेंटिलेटरशिवाय श्वास घेता येतो का ते बघायचं. दुसऱ्या गटाची नेहमीची गुंगी चालूच, फक्त श्वासाची परीक्षा घ्यायची. वर्षभरानंतर दुसऱ्या गटातले ५८ टक्के गेले होते, जागं केलेल्या गटातले ४४ टक्के. इथे आजारपण दोन्हीकडे सारखं होतं, काका.

काका : आणि जागं केलेल्या गटात सोळा जणांनी स्वतःची नळी स्वतः उपटली, दुसऱ्या गटात सहा जणांनी. तेही सांग की.

पुतणी : सांगते. आणि नळी परत घालावी लागलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं, तेही सांगते. म्हणजे उपटणाऱ्यांतल्या पुष्कळांना ती नको झाली होती, आमच्या आधी त्यांना कळलं.

काका : बरं. मग २०१२? कॅनडा आणि अमेरिकेत मिळून ४३० रुग्ण, रोज ड्रिप बंद केली तरी एका दिवसाचाही फायदा नाही, वर नर्सांचं काम वाढलं. आणि २०२०ला डेन्मार्कच्या लोकांनी अजिबात गुंगी न देण्याचा मोठा प्रयोग केला. तीन महिन्यांत मृत्यू ४२.४ टक्के, हलकी गुंगी दिलेल्यांत ३७. फरक योगायोगाचा असू शकतो, कबूल. पण जागं ठेवून जीव वाचतो असं तर नाहीच दिसलं.

पुतणी : दोन्ही ठिकाणी तुलना कशाशी होती ते बघा ना. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाचीही गुंगी नर्स सारखी मोजून कमी करत होत्या. २०२०मध्ये दुसरा गट मुळातच हलक्या गुंगीवर होता. क्रेसच्या वेळी तुलना होती गाढ बेशुद्धीशी. म्हणजे गाढ गुंगीतून वर आणण्यात मोठा फायदा आहे आणि हलकी गुंगी असेल तर तीही काढून घेण्यात फारसा नाही. माझं म्हणणंही तेवढंच आहे. रुग्णाने डोळे उघडावेत, आपल्याकडे बघावं, सांगितलं तर हात दाबावा. त्याने लख्ख जागं राहून सगळं सोसावं, असं मी कधी म्हटलं?

काका : मग तुझ्या-माझ्यात भांडण काय राहिलं?

राहिलं होतं. पुढचा सगळा वेळ ते ज्यावर बोलले ते आकड्यांत मावणारं नव्हतं.

काका : हात. मी निवृत्त व्हायच्या आधीची शेवटची काही वर्षं, जेव्हापासून हलक्या गुंगीची टूम निघाली, तेव्हापासून आयसीयूत फिरलं की मनगटं कॉटला बांधलेली दिसायची. मऊ पट्टे, पण बांधलेलीच. गाढ झोपलेल्याला बांधावं लागत नाही. तू त्याला जागं करतेस, तो नळीकडे हात नेतो, तू हात बांधतेस. म्हणजे त्याला कळायला लागलं तेव्हा पहिली गोष्ट काय कळली? आपण बांधलेले आहोत. या आजी तळघरात बांधून ठेवलं म्हणतात, त्यातलं तळघर खोटं असेल. बांधणं खोटं नाही.

पुतणी : खोटं नाही. केस पेपरमध्ये पट्ट्यांची ऑर्डर आहे, मुलाने मला दाखवली.

काका : मग? कशाला मोठी जागं ठेवायची गोष्ट?

पुतणी : कारण बांधायचं की झोपवायचं, एवढे दोनच रस्ते नाहीत. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेला २०१०मध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा प्रत्येक रुग्णामागे एक नर्स होती. आणि तेवढ्याने भागलं नाही, तर पाचात एका रुग्णापाशी आणखी एक माणूस बसवला, नुसता धीर द्यायला. इथे एका नर्सकडे दोन रुग्ण, कमी पडल्या तर तीन. कॅलिफोर्नियाने कायद्यानेच सांगितलंय की आयसीयूत एका नर्सला दोनाहून जास्त रुग्ण द्यायचे नाहीत. आपल्या इलिनॉयला असा कायदा नाही, बहुतेक राज्यांना नाही. मग रात्री तीन वाजता शेजारच्या खोलीतल्या रुग्णाचा रक्तदाब कोसळलाय, इकडचे आजोबा नळी चाचपतायत, नर्स एकटी. ती ड्रिप दोन अंशांनी वाढवते. मी तिला दोष देत नाही. पण ते औषध आजोबांच्या आजारासाठी दिलं गेलं नाही, हे आपण निदान लिहून ठेवलं पाहिजे.

काका : हे तू आज पहिल्यांदा माझ्या मनातलं बोललीस. त्या नर्सांचं म्हणणं हेच होतं.

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. गुंगी कमी करा असं सांगणाऱ्या नियमावल्या अमेरिकेच्या क्रिटिकल केअर संघटनेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये काढल्या. आधी वेदना मोजा आणि कमी करा, मग गुंगीचा विचार करा, ती हलकी ठेवा, बेन्झोडायझेपिन टाळा, लवकर हालचाल करवा, घरच्यांना आत घ्या. कागदावर सगळं आहे. पण प्रत्येक ओळीला एक जोडी हात लागते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला चार पावलं चालवायचं तर यंत्र ढकलायला एक, नळी सांभाळायला एक, दंडाला धरायला एक. त्यांचे पगार कोण देणार ते नियमावलीत नाही. ड्रिप मात्र स्वस्त आहे आणि ती रात्रभर तक्रार करत नाही.

काका : आणि २०२०मध्ये कोव्हिडात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. वीस वर्षांचं शिकवलेलं दोन आठवड्यांत गेलं.

पुतणी : गेलं. प्रोपोफॉल संपत आलं, फेंटॅनिल संपत आलं, म्हणून मिडॅझोलॅम परत बाहेर काढलं. गाऊन आणि मास्क वाचवायला कितीतरी ठिकाणी लांब नळ्या जोडून औषधांचे पंप खोलीबाहेर कॉरिडॉरमध्ये आणले, म्हणजे डोस बदलायला आत जायला नको. खोलीत जाणंच कमी झालं. घरचे तर कुणीच नाहीत.

काका : मग तेव्हा गाढ झोपवलं त्यात चूक काय? एकट्याने, कुणी जवळ नसताना, प्लास्टिकमधल्या अनोळखी माणसांकडे बघत जागं राहायचं? मला विचारशील तर त्या दिवसांत गुंगी हीच दया होती.

पुतणी : त्या दिवसांचा हिशेब झालाय, काका. पंढरीपांडेंच्याच गटाने केला. चौदा देशांतले २०८८ कोव्हिड रुग्ण. ८२ टक्के बेशुद्धीत, मधला आकडा दहा दिवसांचा. निम्म्याहून जास्त लोकांना वात. बेन्झोडायझेपिनची ड्रिप असेल तर वाताचा धोका ५९ टक्क्यांनी जास्त. आणि घरच्यांची भेट झाली असेल, प्रत्यक्ष किंवा नुसती पडद्यावर, तर २७ टक्क्यांनी कमी. वात कमी करायला आम्ही हॅलोपेरिडॉल देत आलो. त्याची २०१८ मध्ये नीट परीक्षा झाली, पाण्याइतकाच उपयोग निघाला. आणि मुलीचा आवाज कामाला येतो. एवढ्यावरून सिद्ध झालं असं तुम्ही म्हणू देणार नाही, ठीक. पण मी माझ्या विभागात रोज बघते ते हेच आहे.

काका : आजींना कुणाचा आवाज होता?

पुतणी : मुलगा संध्याकाळी सातला यायचा. सून दिवसा, पण तिला लहान मूल. बाकी वेळ इंग्रजी.

काका : अगं, मग तुझी ती वाताची परीक्षा! नर्स दहा अक्षरं म्हणते, ‘ए’ ऐकू आला की हात दाबा. आजींना ‘ए’ काय कळणार? अमरावतीच्या मराठी शाळेतल्या सातवी पास बाई.

पुतणी : कळत नाही. आणि न कळणं हे वाताचं लक्षण म्हणून लिहिलं जातं. किंवा उलटं होतं, त्या गप्प पडून असतात म्हणून कुणाला संशयच येत नाही. ओरडणारा वात सगळ्यांना दिसतो, गप्प वात जास्त असतो आणि निसटतो. कायद्याने दुभाषा द्यावाच लागतो, मराठीसुद्धा मिळते फोनवर. पण दुभाषा मागवायला नर्सने नंबर लावायचा, भाषा सांगायची, थांबायचं, फोन उशाशी धरायचा. आजी हातवारे करतायत. त्यांना पाणी हवंय, की पाठीखाली काही टोचतंय, की भीती वाटतेय? कळत नाही, म्हणून ‘अस्वस्थ’ लिहिलं जातं. अस्वस्थ लिहिलं की ड्रिप वाढते.

काका बराच वेळ चहाच्या कपाशी चाळा करत होते. मग म्हणाले, चष्मा होता का आजींच्या डोळ्यांवर? पुतणीने सांगितलं, घरच्या पिशवीत होता, सोबत कवळीही. अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आपल्या आईवडलांसाठी लिहायचं तर मी एवढंच लिहीन. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी पहिल्याच दिवशी आत पोचवा. पाणी, दुखतंय, लघवी, थांबा, घरचे येतायत, असे दहाबारा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून भिंतीला लावा आणि त्यापुढे इंग्रजी अर्थ. राउंडच्या वेळी विचारा, आज गुंगी किती आहे, का आहे, आज बंद करून बघणार का. हे विचारणं उद्धटपणा होत नाही. तिथे उणे पाच ते अधिक चार अशी गुंगीची मोजपट्टी असते. शून्य म्हणजे जागा आणि शांत. तुमच्या माणसाचा आजचा आकडा नर्सला माहीत असतो. आणि महाराष्ट्रात, जिथे नातेवाइकांना दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं आत सोडतात आणि बाकीचा वेळ ते खाली सतरंजीवर काढतात, तिथे डॉक्टरांनी या माणसांकडे एकदा वेगळ्या नजरेने बघावं असं मला मनापासून वाटतं. ओडेन्सेला ज्या जादा माणसासाठी पगार द्यावा लागला, तो आपल्याकडे जिन्यात बसलेला असतो.

पुतणी : २०१३ मध्ये व्हँडरबिल्टच्या गटाने ८२१ रुग्णांचा पाठपुरावा छापला, काका. चौघांतल्या तिघांना आयसीयूत वात झालेला. वर्षभरानंतरही तिघांतल्या एकाची बुद्धी डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी मंदावलेली, चौघांतल्या एकाची सुरुवातीच्या अल्झायमरइतकी. त्यात पन्नाशीच्या आतलेही होते. जितके दिवस वात जास्त, तितकं हे वाईट. आजींची भाजी त्यात बसते.

काका : सुधारेल?

पुतणी : काही जण सुधारतात. महिने लागतात. मी मुलाला सांगितलंय, त्यांना घरातली कामं करू द्या, चुकू द्या, आणि तळघराची गोष्ट खोडून काढू नका. आधी ऐका, मग त्या दिवसांत खरं काय घडलं ते सांगा. हॉस्पिटलमधले फोटो असतील तर दाखवा.

काका : माझ्या त्या बाईंना निदान खरं तेच आठवत होतं.

पुतणी : हो. आजींना जे आठवतंय ते तसं घडलंच नाही, आणि जे घडलं त्यातलं काही आठवत नाही. झोपवलं की त्रास कळत नाही असं आपण धरतो. मेंदू गुंगीतही काहीतरी ऐकतो, पट्टा जाणवतो, मग त्याची गोष्ट रचतो. क्रेसनेच पुढे जे वाचले त्यांना गाठून बघितलं. रोज जागं केलेल्यांच्या मनावर आघाताच्या खुणा कमी होत्या.

काका : जेमतेम ३२ लोक होते त्यात.

पुतणी : ३२च होते. पण मी उलटं दाखवणारा एकही बघितलेला नाही. तुम्ही बघितलाय?

काकांनी मान हलवली, नाही. मग आत जाऊन एक फाइल घेऊन आले. इलिनॉय राज्याचा छापील फॉर्म असतो, आपण बोलू शकत नसलो तर आपल्या वतीने वैद्यकीय निर्णय कुणी घ्यायचे ते नेमून देण्याचा. काकांनी त्यात पुतणीचं नाव पूर्वीच घातलेलं. खालच्या मोकळ्या जागेत आता त्यांना काही लिहायचं होतं. आयुष्याच्या अगदी शेवटी, व्हेंटिलेटर काढायचा ठरला असेल तेव्हा मॉर्फीनला हात आखडू नका, हे पहिलं वाक्य. त्यावर दोघांत वाद नव्हताच. दुसरं, दुखणं आधी. तिसरं, चष्मा आणि श्रवणयंत्र. चौथं, लुळं पाडणारं औषध दिलं तर गुंगीत कंजुषी नको आणि मेंदूच्या तारा लावून बघा की मी खरंच झोपलोय. पाचव्याला पुतणीने पेन थांबवलं.

काका : लिही. हात बांधायची वेळ आली तर मला झोपवा.

पुतणी : हे मी लिहिणार नाही.

काका : फॉर्म माझा आहे.

पुतणी : दोन रात्री हात बांधून तिसऱ्या दिवशी नळी निघणार असेल तर? झोपवलं तर आठ दिवस जातील आणि उठाल तेव्हा आजींसारखे उठाल. मी काय करायचं?

काका : मग मला विचार. तू म्हणतेस तसा जागा असेन ना मी. विचार, आणि मी हात दाबून सांगेन.

पुतणीने पाचव्या क्रमांकापुढे तेच लिहिलं.